गुरांमागे गेलेली शाळा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दिवाळी उरकली की कल्याण, टिटवाळा, भिवंडी या पट्ट्यात वीटभट्ट्यांची तयारी सुरू होते. जव्हार, मोखाडा, शहापूर, मुरबाडकडची कातकरी आणि वारली कुटुंबे भांडीकुंडी, कोंबड्या आणि लेकरे घेऊन भट्टीवर येतात. पावसाळ्यात घरात दाणा नव्हता तेव्हा मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती आता अंगमेहनतीने फेडायची, आणि पाऊस पडेपर्यंत मुक्काम भट्टीवरच. आईबाप चिखल मळतात, विटा थापतात. आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसते. तिच्याहून थोडा मोठा भाऊ विटा उलथवायला लागतो. तिकडे पाड्यावरच्या शाळेच्या हजेरीपटावर या दोघांची नावे असतात आणि नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा.

आपण शहरातली माणसे यावर एक वाक्य बोलून मोकळे होतो. "या लोकांना शिक्षणाची आवडच नाही." आज मला हे वाक्य जरा तपासून पाहायचे आहे, आणि त्यासाठी फार लांब जायला नको. ठाणे जिल्ह्यातच सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी दोन स्त्रियांनी ते तपासले होते. नुसते भाषणात नव्हे, तर वारली पाड्यावर आयुष्य घालवून तपासले होते. त्यांची नावे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. नावे आपल्या परिचयाची आहेत, पाठ्यपुस्तकात धडेही असतात. पण त्यांनी नेमके काय केले आणि त्यातून काय निघाले, हे मात्र आपण फारसे विचारत नाही.

१९४५ चे ठाणे

तेव्हाचा ठाणे जिल्हा आजच्यासारखा नव्हता. कल्याणपासून डहाणू, तलासरी, उंबरगावपर्यंत सारा मुलूख एकाच जिल्ह्यात होता. १९६० साली दोन राज्ये वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा तिकडे गेले. पण आज मी ठाणे जिल्हा म्हणेन तेव्हा तो जुना, अखंड जिल्हा समजावा.

या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला जंगलपट्टीत वारली समाज राहतो. जमीन एके काळी त्यांची होती. सावकारी आणि कागदपत्रांच्या कारभारात ती हातून गेली आणि ते आपल्याच जमिनीवर कुळे झाले. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे वेठ. जमीनदाराने बोलावले की आपले काम टाकून जायचे, तेही फुकट. लग्नाला थोडेसे कर्ज काढले की नवरा आणि नवी नवरी, दोघेही सावकाराच्या घरी राबायला. त्याला नावच होते, लग्नगडी. या व्यवस्थेत मूल पाच-सहा वर्षांचे झाले की कामाचे होई. जमीनदाराची गुरे वळायला ते मूल जाई आणि त्याची शाळा म्हणजे ते कुरण.

जानेवारी १९४५ मध्ये कल्याणजवळ टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. रोज लोकलने जाताना ज्या स्टेशनवरून आपण गणपतीला उतरतो, तेच टिटवाळा. उंबरगाव भागातले काही वारली त्या परिषदेला आले होते. शामराव आणि गोदावरी परुळेकर पुढे त्या भागात गेले. मे महिन्यात झरी गावी वारल्यांची मोठी सभा झाली आणि वेठ करणार नाही, असा निर्धार झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड आणि त्याचे साथी मारले गेले. गोदावरीबाईंनी ही सारी हकिकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवली आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस, तिथून फार दूर नसलेल्या बोर्डी गावात ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. लाल बावट्याचे काम आणि बालशिक्षणाचे काम या दोन वेगळ्या वाटा होत्या. त्यांच्या माणसांचे विचारही वेगळे होते. पण इतिहासात या दोन गोष्टी एकाच वर्षी, एकाच मुलखात घडाव्यात याला अर्थ आहे असे मला वाटते. ज्याच्या आईबापांना वेठीला धरून नेतात, त्या मुलाला शाळेत आणून बसवणे अशक्यच होते. वेठ मोडली तेव्हा मुलाचा दिवस थोडा मोकळा झाला. त्या मोकळ्या झालेल्या दिवसात काय करायचे, हा पुढचा प्रश्न होता.

दादरहून बोर्डीला

ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या. जन्म १८९२ चा, मुंबईतला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. त्या काळी पदवीधर मराठी मुली बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पुढे लग्न, अमरावतीचा संसार, आणि तो मोडल्यावर एका मुलीसह एकटीने उभे राहणे. हे सारे त्यांनी सोसले. राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्य झाल्या. मानाची, भरपूर पगाराची जागा. ती सोडून १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेल्या. गिजुभाईंनी तिथे १९२० साली बालमंदिर काढले होते. माँटेसरीबाईंची पद्धत आपल्या देशी घरात कशी रुजेल, याचा शोध तिथे चालला होता. मारायचे नाही, बक्षिसाचे आमिषही दाखवायचे नाही, मुलाच्या हाताला काम द्यायचे, हे तिथले सूत्र. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. शिक्षणपत्रिका निघाली आणि तिची मराठी आवृत्ती ताराबाई पाहू लागल्या. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाला.

इथेच थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव राहिले असते. पण शिशुविहारात मुले येत होती ती दादर-माटुंग्याच्या सुशिक्षित घरांतली. गुळगुळीत लाकडी साधने, छोट्या खुर्च्या, फुलदाण्या. हे सारे उत्तम होते, पण खेड्यातल्या मुलापर्यंत ते पोहोचणार कसे? वर्ध्याची नयी तालीम १९३७ साली निघाली तेव्हा सात वर्षांच्या पुढच्या मुलांचा विचार तिच्यात होता. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामच्या परिषदेत गांधीजींनी शिक्षणाची व्याप्ती जन्मापासून मरणापर्यंत वाढवली. सात वर्षांखालच्या खेड्यातल्या मुलाचे काय, याचे उत्तर मात्र कोणापाशी तयार नव्हते. ते शोधायला ताराबाई बोर्डीला आल्या.

अनुताई त्यांना त्याच वर्षी भेटल्या. कस्तुरबा स्मारक निधीचे ग्रामसेविकांचे शिबिर बोरिवलीला होते, तिथे. अनुताईंचा जन्म १९१० चा, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. जिद्दीने शिकून त्या शिक्षिका झाल्या. नाशिककडच्या खेड्यात आणि मग पुण्याला हुजूरपागेत शिकवत होत्या. पुण्यातली कायम नोकरी सोडून पस्तिसाव्या वर्षी त्या बोर्डीला आल्या आणि १९९२ साली मृत्यू येईपर्यंत त्या या कामातून हलल्या नाहीत. सत्तेचाळीस वर्षे म्हणजे किती, ते एखाद्या शिक्षकाला विचारा. त्याची सबंध नोकरीही तेवढी नसते.

वाडी अंगणात आली

बोर्डी हे समुद्रकाठचे, चिकूच्या वाड्यांचे सधन गाव. आचार्य भिसे यांच्या हायस्कूलमुळे तिथे शिक्षणाचे वातावरण होते. बालवाडी निघाली तेव्हा सुखवस्तू घरांतली मुले आली. दलित वस्तीतली आणि गावाबाहेरच्या पाड्यांवरची मुले आली नाहीत. बोलावून आणले तर एक-दोन दिवस टिकत, मग पुन्हा नाहीत.

इथे ताराबाईंनी तो साधा निर्णय घेतला. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडी त्याच्या अंगणात न्यायची. अंगणवाडी हा शब्द तिथला. आज तो इतका सरकारी झाला आहे की त्यात अंगण आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही.

अंगणात गेल्यावर सेविकेला पहिल्या दिवशी काय दिसले? अंगावर खरूज, डोके उवांनी भरलेले, वाढलेली नखे, सकाळपासून पोटात काही नाही. अशा मुलाला 'अ' दाखवून उपयोग नाही. म्हणून दिवस सुरू होई तो अंघोळीने, नखे काढण्याने, केस विंचरण्याने. मग गाणी, गोष्टी, खेळ. मोजायला चिंचोके आणि शिंपले, रंग ओळखायला पाने-फुले, बोटांना वळण लावायला माती. माँटेसरीच्या लाकडी संचाला जे पैसे पडत, त्याच्या लहानशा अंशात हे काम होई. शिवाय ही साधने हरवली तर रडायचे कारण नव्हते, कारण ती वाटेवरच पडलेली होती. ही सारी खटपट आयांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्याच अंगणात चाले. ताई आपल्या पोराला हात लावते, न्हाऊ घालते, हे आई बघत असे. आधी विश्वास बसला आणि मागून शाळा आली.

बहिणीच्या कडेवरचे मूल

१९५७ साली संस्था बोर्डीहून आत, कोसबादच्या टेकडीवर गेली. डहाणूपासून जवळच, पण सारा परिसर वारली पाड्यांचा. तिथे प्राथमिक शाळा काढली तेव्हा एक कोडे पडले. मुलींची नावे घातली तरी मुली येत नाहीत, का? चौकशी केल्यावर उत्तर साधे निघाले. आई मजुरीला जाते, तान्हे मूल सांभाळायला घरात कोणी नाही. सात वर्षांची बहीण हीच त्याची आई. ती शाळेत आली तर तान्ह्याला कुठे ठेवणार?

मग संस्थेने पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. बहिणीने कडेवरचे मूल पाळणाघरात द्यायचे, तीन-चार वर्षांच्या भावाला बालवाडीत सोडायचे आणि स्वतः वर्गात बसायचे. मधल्या वेळात जाऊन तान्ह्याला बघूनही यायचे. याला विकासवाडी म्हणत. यात आणखी एक फायदा झाला. पाळणाघरातले मूल रांगत बालवाडीत जाई आणि बालवाडीतले चालत पहिलीत जाई. शाळेचा पहिला दिवस म्हणून जी धडकी भरते, ती भरायला जागाच राहिली नाही. तीन ते आठ हे वय सलग धरावे, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने म्हटले आहे. कोसबादच्या टेकडीवर तो विचार कधीचाच कामाला लागला होता.

कुरणशाळा

मुलींचा प्रश्न सुटला तरी मुलगे उरलेच. ते सकाळीच गुरे घेऊन रानात जात आणि दिवेलागणीला परतत. गुरे वळणे ही त्यांची हौस नव्हती. घरात त्याचा मोबदला येत होता, निदान एका तोंडाची भाकर सुटत होती. "गुरे सोडून शाळेत ये" असे त्या मुलाला सांगणे म्हणजे "उपाशी राहा" असे सांगणे होते.

तेव्हा शिक्षकच सामान घेऊन गुरांमागे निघाले. ही कुरणशाळा. गुरे चरायला पांगली की झाडाच्या सावलीत मुले गोळा होत. गाणी, गोष्टी, खेळ, मग थोडे वाचन, थोडे गणित. गुरे मोजणे हेही गणितच. कोणते झाड, कोणता पक्षी, कोणते पान औषधी, यात मुले गुरुजींच्या पुढे असत. शिकणारा आणि शिकवणारा यांची जागा अधूनमधून बदलत असे. लक्ष मात्र गुरांवर ठेवावे लागे, कारण एखादे जनावर कोणाच्या शेतात घुसले की मार मुलाला बसायचा. ज्यांना दिवसा अजिबात सवड नाही, त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग होते.

कुरणशाळेची आपण कौतुकाने गोष्ट सांगतो, जणू ती एक गंमत होती. मला ती गंमत वाटत नाही. शाळेचे वेळापत्रक, जागा, गणवेश, घंटा या गोष्टी आपण अढळ मानतो आणि मुलाने त्यात बसावे असे धरून चालतो. कोसबादला उलट झाले. मुलाचा दिवस अढळ मानला आणि शाळा त्यात बसवली. मूल नापास होत असेल तर शाळेत काय चुकते आहे, असा प्रश्न तिथे आधी विचारला जाई.

भिंतीवरचा चौक

आणखी एक अडचण होती ती बोलीची. वारली मुलाच्या घरची बोली आणि पुस्तकातली मराठी यात अंतर आहे. बाहेरून आलेल्या गुरुजींना मुलाचे उत्तर कळत नाही, वर्ग हसतो, आणि मूल त्या दिवसापासून गप्प होते. गुरुजी शेरा मारतात, 'मंद'. किती हुशार मुले या एका शेऱ्याखाली गाडली गेली असतील, याचा हिशेब कुठल्याच दप्तरात नाही. अंगणवाडीत पाड्यावरचीच एखादी बाई मदतीला घेण्याचा मोठा लाभ इथे होता. मुलाला निदान एक माणूस असे भेटे, ज्याच्यापाशी त्याची बोली चालते.

घर अडाणी होते, हेही खरे नाही. वारली घरात लग्न असले की सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक काढतात. गोल, त्रिकोण, चौकोन एवढ्यातून माणसे, झाडे, तारपा नाच, सगळी सृष्टी उभी राहते. ज्या मुलाने आईचा तो हात पाहिला आहे, त्याला आकार शिकवायला परदेशी साधन कशाला हवे? १९७० नंतर भास्कर कुलकर्णी या भागात आले. त्यांनी कागद आणि रंग दिले आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची चित्रे जगभर गेली. मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. गंजाड हे कोसबादच्याच तालुक्यातले. ज्या भिंतीला जगाने नंतर दाद दिली, तिच्यासमोर वाढलेल्या मुलाला शाळेत मात्र ढ म्हटले जात होते.

शब्द गेला, पद्धत राहिली

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. एका मराठी बाईने बोर्डीत वापरलेला शब्द काश्मीरपासून केरळपर्यंत बोलला जातो.

शब्द गेला हे आनंदाचे. पण त्याच्यासोबत सगळेच गेले नाही. आहार, वजन, लसीकरण या गोष्टी गेल्या आणि त्या लहान नव्हेत. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला कुपोषणाने मुले दगावली तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला होता. अनुताईही त्याच १९९२ च्या सप्टेंबरात गेल्या. ज्या जिल्ह्यात अंगणवाडी जन्मली, तिथेच लेकरे भुकेने मरावीत, यापरते दुर्दैव कोणते? तेव्हा पोटाला आधी द्यायचे, हे बरोबरच. पण गाणी, गोष्टी, मातीकाम, आईशी बोलणे यांना वेळ उरला नाही. एका सेविकेने वजन करायचे, नोंदवह्या भरायच्या, आहार वाटायचा आणि शिकवायचेही. ती तरी काय काय करणार?

कुरणशाळा तर सरकारी योजनेत गेलीच नाही. जाणे कठीणही होते. इमारत नाही, ठरलेली वेळ नाही, पटावरच्या सह्या कुठे घ्यायच्या? तिच्या जागी आश्रमशाळा आल्या. ठक्करबाप्पांनी १९२२ साली दाहोदला भिल्ल सेवा मंडळ काढले, तेव्हापासून आदिवासी मुलांसाठी निवासी शाळेची कल्पना रुजत गेली. १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्र सरकारने तिचे जाळे विणले. आज राज्यात शासकीय आणि अनुदानित मिळून एक हजारांहून अधिक आश्रमशाळा आहेत. त्यांनी दिलेले नाकारता येणार नाही. आदिवासी समाजातले शिक्षक, परिचारिका, अधिकारी, लोकप्रतिनिधी यांतले कितीतरी जण आश्रमशाळेच्या ताटावर वाढले आहेत. ज्या मुलाचे आईबाप वर्षातले सहा महिने भट्टीवर असतात, त्याला दुसरे छप्पर कोणते होते?

पण सहा-सात वर्षांचे मूल घरापासून तोडून आणायचे, तर घराची जागा कोणीतरी घ्यावी लागते. रात्री ताप आला तर कपाळावर हात ठेवायला कोण आहे? मूल न बोलता कोपऱ्यात बसले तर कोणाच्या लक्षात येते? आश्रमशाळांतल्या मुलांचे आजार आणि मृत्यू हा प्रश्न इतका गंभीर झाला की २०१६ साली डॉ. सुभाष साळुंखे यांच्या समितीला त्याची तपासणी करावी लागली. गुणपत्रिकेच्या आधी मुलाची तब्येत, झोप, जेवण आणि मन यांकडे पाहिले पाहिजे, हे बोर्डीच्या अंगणात सत्तर वर्षांपूर्वी कळलेले शहाणपण होते. ते आपल्याला समित्या नेमून पुन्हा शिकावे लागले.

दूरच्या एका डोंगरी समाजाची गोष्ट

हा प्रश्न आपलाच आहे असेही नाही. लाओसच्या डोंगरांत ह्मोंग नावाचा समाज राहतो. डोंगरउतारावर शेती करणारा, स्वतःची भाषा असलेला. त्या भाषेला आज रूढ असलेली लिपीदेखील १९५० नंतरच्या काही वर्षांतली. तिकडच्या युद्धात यांतले पुष्कळ लोक अमेरिकेच्या बाजूने लढले. १९७५ साली पारडे फिरले तेव्हा हजारो कुटुंबे मेकाँग नदी ओलांडून थायलंडच्या छावण्यांत आणि तिथून अमेरिकेत गेली. मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरात त्यांची मोठी वस्ती झाली. सर्वसाधारण शाळांत ही मुले मागे पडू लागली. आईबापांना इंग्रजी येईना. दवाखान्यात, कचेरीत दुभाष्याचे काम लहान मुलांवरच येई. घरात वडीलधारे मूक आणि मूल पुढारी, अशी उलटापालट झाली.

२००० सालाच्या आसपास तिथे ह्मोंग मुलांना समोर ठेवून शाळा निघू लागल्या. त्यांत इंग्रजी आणि गणित आहेच, पण ह्मोंग भाषाही आहे. या समाजातल्या बायका कापडावर भरतकामाने पळापळीच्या कहाण्या काढतात. गावे, नदी, सैनिक, छावणी, सगळे त्या टाक्यांत असते. आपल्या वारली भिंतीची ही बहीणच म्हणायची. आपले घर शाळेला ठाऊक आहे, असे मुलाला वाटले की ते शिकायला मोकळे होते. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशालाही तेवढ्यासाठी शाळेची मांडणी बदलावी लागली.

मर्यादा आणि पुढचे पाऊल

कोसबादचे काम निर्दोष होते असा दावा मी करणार नाही. ते दोन विलक्षण स्त्रियांच्या हट्टावर उभे होते आणि हट्टाची नक्कल काढता येत नाही. नुसत्या गाण्यांनी आणि स्वच्छतेने दारिद्र्य जात नाही, ही डाव्या चळवळीची टीकाही रास्त होती. जमीन नाही, हमीची मजुरी नाही, तर शिकलेले मूल करणार काय? उलट बाजूने हेही खरे की वेठ मोडून हातात आलेल्या हक्कांचे कागद वाचायला शाळाच लागते. गोदावरीबाईंची वाट आणि ताराबाईंची वाट एकमेकींना छेदत नव्हत्या. एकीवाचून दुसरी अपुरी होती, असे आज मागे वळून पाहताना वाटते.

या विचाराचे एक पाऊल पुढेही पडले. १९९० नंतरच्या दशकात वसईच्या विधायक संसदेने ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा सुरू केल्या. भोंगा म्हणजे भट्टीवर मजूर विटा रचून, वर गवत-पेंढा टाकून राहायला करतात ती झोपडी. तसल्याच झोपडीत शाळा. मूल भट्टीवर असेल तर शाळाही भट्टीवर. कुरणाच्या जागी भट्टी आली, विचार तोच. पुढे २०१० साली शिक्षणहक्काचा कायदा अमलात आला आणि स्थलांतरित मुलाला जवळच्या शाळेत बसण्याचा हक्क मिळाला. कागदावर तो हक्क भक्कम आहे. पण भट्टीपासून शाळा किती दूर, मध्ये हमरस्ता आहे का, आणि कडेवरच्या भावाला कुठे ठेवायचे, हे प्रश्न कायद्याला पडत नाहीत. ते कोसबादच्या बाईंना पडले होते.

आता पुन्हा सुरुवातीच्या वाक्याकडे येऊ. "या लोकांना शिक्षणाची आवडच नाही." मुलीच्या कडेवरचे तान्हे उतरवून घेतले तेव्हा ती वर्गात येऊन बसली. शिक्षक गुरांमागे गेले तेव्हा गुराखी शिकले. बोलीला हसणे थांबले तेव्हा गप्प मुले बोलू लागली. आवड होतीच. तिच्या आड काय येते ते विचारायला कोणी गेले नव्हते.

कल्याण-डोंबिवलीत, ठाण्यात गेल्या तीस-चाळीस वर्षांत केवढी घरे उभी राहिली. त्यांतल्या कितीतरी भिंतींतल्या विटा याच भट्ट्यांवर भाजल्या गेल्या. त्या थापणाऱ्या आईबापांची मुले तेव्हा कुठल्या शाळेत होती, हे आपण घर घेताना विचारले नाही. या वर्षी दिवाळीनंतर भट्ट्या पुन्हा लागतील. जवळच्या शाळेतल्या गुरुजींनी, बाईंनी, पालक संघाने, किंवा ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावरच्या चार निवृत्त शिक्षकांनी एकदा तिथवर चालत जावे. मुले किती आहेत, कोणत्या इयत्तेतली आहेत, तान्ही कोण सांभाळते, एवढे विचारून यावे. ताराबाई आणि अनुताईंच्या कामाची सुरुवातही अशीच, कोणाच्या तरी अंगणात जाऊन चौकशी करण्यापासून झाली होती.